शिबिर डिसेंबरात, तहान मेमध्ये

माण तालुक्यात वर्षाला पाऊस पडतो 500 मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही आपल्या मर्जीने. जूनमध्ये ढग येतात, तोंड दाखवतात आणि पुढे निघून जातात. खरी भिस्त परतीच्या पावसावर. ओढे वाहिलेच तर तेव्हा वाहतात, आणि वाहिले तरी दिवाळीनंतर त्यांत वाळू आणि गोटे उरतात. अशा कोरड्या ओढ्यात डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पन्नासेक मुलं-मुली पोती रचताना दिसली, तर समजावं की राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर आलं आहे आणि वनराई बंधारा चालला आहे. बंधारा छान होतो. त्यावर फलक लागतो, फोटो निघतो, सरपंचांच्या हस्ते नारळ फुटतो. अडवायला पाणी तेवढं नसतं.

मुलांना हसावं असं यात काही नाही. ती मान मोडून काम करतात; हातांना फोड येतात, तरी संध्याकाळी पथनाट्य करतात. मी एका ग्रामीण कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि बरीच वर्षं या योजनेची कार्यक्रम अधिकारी होते, त्यामुळे हे जवळून पाहिलं आहे. तरुण पिढीला पर्यावरणाचं काही पडलेलं नाही, ती मोबाईलमध्ये बुडाली आहे, अशी तक्रार करणाऱ्यांनी एकदा पहाटेच्या थंडीत प्रभातफेरीला निघालेली ही पोरं पाहावीत. माझी तक्रार वेळापत्रकाबद्दल आहे. आपण तरुणांना शिवारात नेतो ते नेमकं अशा वेळी, जेव्हा शिवाराला त्यांची फारशी गरज नसते. आणि गरज असते तेव्हा त्यांना सुट्टी देऊन घरी पाठवतो.

वनराई बंधाऱ्याचंच घ्या. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि ओढ्याच्या पात्रात आडवी रचायची. खर्च जवळजवळ नाहीच. पण त्याचं सगळं गणित वाहत्या पाण्यावर चालतं. मोठा पूर येण्याची भीती सरली आहे आणि धार अजून चालू आहे, अशा महिना-दीड महिन्याच्या फटीत तो घातला तर पाणी तुंबतं, झिरपतं, शेजारच्या दोन-चार विहिरींना रब्बीपुरता आधार होतो. आमच्या भागात ही फट सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत. तेव्हा कॉलेजात काय चाललेलं असतं? सत्र परीक्षा.

बाकीच्या कामांचीही हीच गत. रोप लावायचं ते पहिल्या दमदार पावसानंतर, तेव्हा प्रवेशाच्या याद्या लागत असतात आणि स्वयंसेवकांची नावनोंदणीसुद्धा झालेली नसते. सलग समतल चर खोदायचे ते उन्हाळ्यात, शेतं मोकळी असताना. तेव्हा वार्षिक परीक्षा. बी गोळा करायचं तर करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात तयार होतात, बाभळीच्याही. कडुनिंबाच्या निंबोळ्या जून-जुलैत पिकून पडतात आणि त्यांतलं बी दोन-तीन आठवड्यांत उगवण्याची ताकद घालवून बसतं. डिसेंबरच्या शिबिरात 'बीज संकलन' असा तास ठेवला तर गोळा काय करणार? आणि लावलेल्या रोपाला पाणी हवं असतं ते मार्चपासून जूनपर्यंत. कॉलेजाच्या फाटकाला तेव्हा कुलूप असतं आणि आवारातलं वृक्षारोपण शिपायाच्या दयेवर.

राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी सुरू झाली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. 37 विद्यापीठं आणि 40 हजार विद्यार्थी एवढ्यावर सुरुवात होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, दुष्काळाने देश होरपळत असताना, या योजनेच्या शिबिरांना 'दुष्काळाविरुद्ध युवक' असा विषयही दिला गेला होता. म्हणजे माती-पाण्याचं काम या योजनेच्या रक्तातच आहे. दोन वर्षांत 240 तासांचं काम आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर, हा तिचा सांगाडा. 240 तास थोडे नाहीत. एखाद्या गावात एकाच पोराने ते नीट वापरले तर त्या गावाच्या पाण्याचं चित्र कागदावर उभं राहील. पण हे तास ग्रंथपाल दिन, मतदार जागृती, स्वच्छता पंधरवडा, योगदिन आणि पाहुण्यांच्या स्वागताला उभं राहणं यांत वाटले जातात. हल्ली मूल्यांकन समितीसाठी जिओ-टॅग केलेले फोटो लागतात. अक्षांश-रेखांशासकट पुरावा मिळतो की इतक्या वाजता इथे रोप लावलं. त्याच अक्षांश-रेखांशावर पुढच्या मेमध्ये कुणी जाऊन पाहत नाही, कारण तो फोटो कुणी मागितलेला नसतो.

वर्गातल्या पर्यावरण शिक्षणाकडे वळलं तर तिथेही हाच रोग. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 1991 मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला आणि त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरक भरुचा यांनी लिहिलं. पुस्तक चांगलं आहे. अभ्यासक्रमात 50 तास होते आणि त्यांतले 5 प्रत्यक्ष शिवारात घालवायचे होते. 100 पैकी 25 गुण त्या कामाला. या पाच तासांचं आपण काय केलं ते प्रत्येक कॉलेजाशेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन विचारा. 'जलप्रदूषण: समस्या व उपाय' या नावाचा तयार प्रकल्प स्पायरल बाइंडिंगसह मिळतो; नाव आणि हजेरी क्रमांक तेवढा आपण टाकायचा. एकदा माझ्याकडे एका बॅचचे बरेच प्रकल्प आले, त्यांत माणगंगेच्या काठच्या मुलांनी गंगा कृती आराखड्यावर पानंच्या पानं उतरवली होती. घरासमोरून जाणाऱ्या नदीचं नाव एकाही प्रकल्पात नव्हतं.

उन्हाळ्यात तरुण येत नाहीत, असं प्राचार्यांच्या बैठकीत हमखास सांगितलं जातं. हे खरं नाही. बाबा आमटे यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली ती मे महिन्यात. त्या भागात मेमध्ये पारा 45 च्या पुढे जातो. तरी राज्यभरातून मुलं येत राहिली, पहाटे उठून घमेली वाहत राहिली, आणि त्यांतले कित्येकजण पुढे आयुष्यभर सामाजिक कामात राहिले. त्या मानाने अलीकडचं उदाहरण पाणी फाउंडेशनच्या गावागावांतल्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेचं. 2016 मध्ये 3 तालुके, 2018 मध्ये 75. 2018 च्या स्पर्धेचा काळ 8 एप्रिल ते 22 मे. रात्री बॅटरीच्या उजेडात चर खोदले गेले. 2018 चा पहिला क्रमांक आमच्याच माण तालुक्यातल्या टाकेवाडीने घेतला. त्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजातली मुलं आपापल्या गावात टिकाव घेऊन उतरली होती. त्यांची नावं कोणत्याही हजेरीपटावर नव्हती आणि त्यांना कुणी एक गुणही दिला नाही. डिसेंबरात मात्र त्यांतल्याच काहीजणांनी दुसऱ्याच गावात मंदिराचं आवार झाडून तास भरले. ही स्पर्धा 2019 नंतर थांबली. स्पर्धा कधीतरी थांबणारच. पण चर गाळाने भरत जातात, त्यांचं पुढे काय करायचं हे बघायला गावात कुणीतरी बांधलेलं असावं लागतं.

इथे मला जे म्हणायचं आहे ते सरळ म्हणते. 'दत्तक गाव' ही कल्पना ग्रामीण कॉलेजांनी सोडून द्यावी. शहरातल्या कॉलेजाला गाव दत्तक घेणं ठीक, त्यांना गाव दाखवायचंच असतं. पण म्हसवड, दहिवडी, आटपाडी, जत अशा ठिकाणच्या कॉलेजांत येणारी मुलं तीस-चाळीस गावांतून येतात. त्यांना ट्रकमध्ये घालून एकेचाळिसाव्या गावात नेण्यात काय अर्थ आहे? एकदा शिबिरात पोती शिवता शिवता एका मुलाने मला विचारलं, "मॅडम, आमच्या गावात शिबिर कधी घेणार?" त्याच्या गावाला तेव्हा टँकर चालू होता. मी म्हटलं, "तू आहेस की तिथे." तो हसला, पण मला नंतर पटत गेलं की हेच उत्तर आहे. मेमध्ये वसतिगृह बंद, खानावळ बंद, प्राध्यापक सुट्टीवर. शिबिर घेणार कसं, असा प्रश्न असतो ना? मुलं तेव्हा आपल्या गावीच असतात. त्यांना कुठे न्यायचं नाही, त्यांच्या राहण्या-जेवणाचा खर्च नाही. फक्त ती तिथे जे करतील ते तास म्हणून धरायचे.

नव्या शैक्षणिक धोरणात समाजसेवेच्या आणि क्षेत्रीय कामाच्या श्रेयांकांची सोय झाली आहे. म्हणजे दरवाजा उघडा आहे. हे श्रेयांक डिसेंबरच्या सात दिवसांना चिकटवायचे की मार्च ते जूनच्या कामाला, हे विद्यापीठांनी ठरवायचं आहे.

यात एक गोष्ट शहरातल्या वाचकांच्या लक्षात येणार नाही. आमच्या भागातली, आणि त्याहून जास्त बीडकडची, कित्येक कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि एप्रिलपर्यंत परततात. त्या घरांतली जी मुलं कशीबशी कॉलेजात नाव टिकवून आहेत, ती डिसेंबरात कारखान्याच्या तळावर असतात. शिबिराला येतात ती त्यातल्या त्यात सुखवस्तू घरांतली. मेमध्ये ऊसतोडीची पोरं गावात असतात, आणि कोयत्याची सवय झालेल्या हाताला चर खोदणं काही जड नसतं. मुलींचंही तसंच. निवासी शिबिर म्हटलं की "रात्रीची पोर बाहेर नको" असं म्हणणारे वडील मी किती समजावलेत त्याचा हिशेब नाही. तीच मुलगी आपल्या गावात, आईच्या नजरेसमोर, सकाळी दोन तास विहिरी मोजत फिरली तर कुणाची हरकत नसते. उलट पाण्याची माहिती तिला जास्त. हंडा तिच्याच डोक्यावर असतो.

विहिरी मोजणं हे मी उगाच म्हटलं नाही. महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972 पासून आहे आणि तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरलेल्या महिन्यांत नोंदली जाते. पण अशा विहिरी सुमारे चार हजार आणि राज्यातली गावं चाळीस हजारांहून जास्त. बहुतेक गावांना आपल्या जमिनीखाली काय चाललं आहे याची लेखी नोंदच नाही. लोक अंदाजाने बोलतात: "औंदा परसभर कमी हाय." टेपला वजन बांधून विहिरीत सोडायचं, काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर लिहायचं, हे बारावी झालेल्या कुणालाही जमतं. गावातल्या दहा विहिरी ऑक्टोबरात, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मेअखेरीस मोजल्या, शाळेत पर्जन्यमापक ठेवला, की दोन वर्षांत ग्रामसभेत बोलण्याची भाषा बदलते. हिवरे बाजारने हेच करून दाखवलं. पावसाळा संपला की गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावर पिकं ठरवायची. तिथल्या पोपटराव पवारांचं कौतुक करायला आपण बसेस भरून जातो, पण त्यांच्याकडची वही बघून आपल्या गावात तशी वही सुरू करत नाही. त्या वहीला लागतो गावात राहणारा, लिहिता येणारा आणि मोबाईलवर तक्ता करता येणारा कुणीतरी. असा कुणीतरी आता प्रत्येक वाडीत आहे. त्याला आपण एफवाय-एसवायचा विद्यार्थी म्हणतो.

झाडांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण तरुणांच्या हाती आपण सर्वांत आधी रोपच देतो. राज्यात 2016 साली 1 जुलैला एका दिवसात 2 कोटी झाडं लावण्याचं उद्दिष्ट होतं. 2019 पर्यंत आकडा 33 कोटींवर गेला. हेतूवर मी शंका घेत नाही. पण आकडा मोठा झाला की झाड सोपं लागतं, आणि सोपं झाड म्हणजे गिरिपुष्प. मध्य अमेरिकेतून आलेलं, फांदी खोचली तरी येणारं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत असं. त्यामुळे जगल्याची टक्केवारी अहवालात देखणी दिसते. ते लावलं जातं बहुतेकदा माळावर, कारण सरकारी कागदात माळ म्हणजे पडीक जमीन. पण आमचा माळ पडीक नाही. तिथे मारवेल आहे, पवना आहे, डोंगरी आहे, कुसळी आहे. चिंकारा, लांडगा, धाविक, चंडोल यांचं ते घर आहे, आणि मेंढपाळांचं पोटही त्याच माळावर आहे. अशा ठिकाणी ओळीने खड्डे घेऊन झाडं लावणं म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली मोडतोड.

हे मला एका धनगर आबांनी एका वाक्यात सांगितलं होतं. शिबिरातली मुलं माळावर खड्डे घेत होती. आबा काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पोरं कष्टाची हायती मॅडम. पण मेंढरं काय झाडाची सावली खात्यात व्हय?" त्या दुपारचं बौद्धिक सत्र मी त्यांनाच दिलं. कुठलं गवत मेंढी आधी खाते, कुसळं पिकल्यावर त्यांची टोकं तोंडाला कशी टोचतात म्हणून त्याआधी कळप कुठे वळवायचा, कुठला माळ किती दिवस मोकळा ठेवला की गवत परत धरतं, असं ते तासभर बोलले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पदव्युत्तर वर्गात गवतांवर इतकं नेमकं बोलणारा व्याख्याता मला क्वचितच भेटला असेल. माळाची दुरुस्ती करायची तर दिवाळीच्या सुमारास गवताचं बी गोळा करायचं, उघड्या पडलेल्या तुकड्यावर पावसाच्या तोंडावर ते टाकायचं आणि फेब्रुवारीपासून वणव्यावर नजर ठेवायची. डिसेंबर-जानेवारीच्या शिबिराला खरं काम द्यायचंच असेल तर ते जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारे गवत काढलेले पट्टे, काढण्याचं आहे. त्या महिन्यांत ते नेमकं बसतं, आणि तेच कुणी करत नाही. जाळरेषेच्या फोटोत हिरवं काही दिसत नाही ना.

आणि झाड लावायचंच असेल तर बांधावर, ओढ्याकाठी, गावठाणात लावा: कडुनिंब, करंज, हिवर, बाभूळ. बाभळीचं बी उगवून घेण्याची आमच्याकडची रीत साधी आहे. शेंगा शेळ्यांना घालायच्या आणि दुसऱ्या दिवशी वाड्यातून बी वेचायचं. शेळीच्या पोटातून आलेलं बी लवकर रुजतं. हे मुलांना घरी माहीत असतं. कॉलेजात येऊन ती ते विसरतात, किंवा परीक्षेत विचारत नाहीत म्हणून लपवतात. पर्यावरण शिक्षणाचा अर्धा भाग या माहितीला वर्गात मान देण्याचा आहे, असं माझं मत आहे. रोपाच्या कामाला गुण द्यायचे तर लावल्याबद्दल देऊच नयेत. दुसरा उन्हाळा पार केलेल्या रोपाला द्यावेत. पदवी तीन वर्षांची असते, हिशेब बरोबर बसतो.

यात लबाडी होणार नाही का? होईल. खोट्या नोंदी येतील, एकाच विहिरीचा आकडा तिघं उतरवतील. पण आज शंभर टक्के झेरॉक्स चालू असताना, निम्मी वही खरी निघाली तरी मी ते यश मानेन. शिवाय विहिरीचा आकडा तपासता येतो; टेप घेऊन दुसऱ्याने जायचं. 'जलप्रदूषण: समस्या व उपाय' तपासता येत नाही. उन्हाचा धोका खरा आहे. म्हणून काम सकाळी सहा ते नऊ, त्यानंतर कुणी थांबायचं नाही, हा नियम शिथिल करू नये. प्राध्यापकांच्या सुट्टीचा प्रश्नही खरा. कार्यक्रम अधिकाऱ्याला मेमध्ये गावोगाव फिरावं लागलं तर त्याला डिसेंबरात तेवढी सुट्टी द्या आणि प्रवासभत्ता वेळेवर द्या, दोन वर्षांनी नव्हे. गावात सही करायला ग्रामसेवक असतो, शाळेचे मुख्याध्यापक असतात. सात दिवसांच्या जेवणाचा आणि मांडवाचा वाचलेला पैसा टेप, पर्जन्यमापक आणि मडक्यांना लागेल. रोपाशेजारी मडकं पुरून, त्याला वात लावून पाणी दिलं तर आठवड्याला एक-दोनदा भरलं तरी भागतं, आणि तेवढं पाणी टँकरच्या गावातही निघतं.

सगळ्या राज्याला एकदम हे लावा असं मी म्हणत नाही; आपल्याकडे एकदम लावलेल्या गोष्टींचा शेवटी फलकच होतो. एका विद्यापीठाने, एका दुष्काळी तालुक्यातल्या चार-पाच कॉलेजांपुरतं, दोन वर्षं करून पाहावं. निवासी शिबिर ऐच्छिक ठेवावं आणि त्याऐवजी स्वतःच्या गावातले मार्च ते जूनचे तास ग्राह्य धरावेत. त्यासाठी लागतं ते एक परिपत्रक. ते मार्चच्या आत निघायला हवं, कारण एप्रिलमध्ये मुलं परीक्षेच्या घाईत असतात आणि पेपर संपला की त्याच संध्याकाळच्या एसटीने गावाला गेलेली असतात.